चांदीच्या दगडाचा वास

वडिलांना मी आयुष्यात एकदाच खोटारडं ठरवलं, आणि ठरवलं ते चांगले दोन महिने धरून बसले. माझा स्वभावच तसा आहे. एकदा मनात घेतलं की ब्रह्मदेव आला तरी ऐकायची नाही. त्यात मी ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवते, त्यामुळे आपण पुराव्याशिवाय बोलत नाही असा माझा माझ्याबद्दल फार मोठा समज. इथे तर पुरावा थेट नाकाला झोंबत होता.

वडिलांना आम्ही दादा म्हणतो. दादा गलाईवाले. सांगलीकडच्या कोरड्या गावातून विशीत नाशकात आले आणि इथलेच झाले. सराफ बाजाराच्या मागच्या गल्लीत खाली त्यांची भट्टी आणि वर दोन खोल्या. सराफ लोक तुटकी पैंजणं, झिजलेली जोडवी, चेपलेले करंडे आणून देतात. दादा ते मुशीत वितळवून, शुद्ध करून त्याची लगड परत देतात. या धंद्याचा एक नियम लहानपणापासून आमच्या कानीकपाळी आहे: डोळा फसतो, कान फसतो, विस्तव फसत नाही. हातात काहीही संशयास्पद आलं की गलाईवाला आधी चाकूने त्याचा टवका काढतो आणि मग तो टवका आगीत घालतो. त्याशिवाय त्याला चैन पडत नाही. माझ्या लग्नात सासरकडून आलेल्या चांदीच्या ताटालाही दादांनी भर मांडवात काठाखाली चाकू लावून पाहिला होता. ताट अस्सल निघालं, पण आई त्या गोष्टीवरून त्यांना अजून टोचते.

सहा वर्षांपूर्वी आईच्या छातीत गाठ निघाली. ऑपरेशन झालं, मग केमो. तिचे केस गेले त्या आठवड्यात दादा एकटेच एसटीने त्र्यंबकला गेले, कुशावर्तात बुडी मारली आणि आईसाठी लसूण सोडून आले. आपल्याकडे काही सोडायचं तर आवडीचंच सोडायचं असतं. दोडका सोडला तर देव हसेल. दादांना लसणाची चटणी आणि भाकरी दिली की पुरणपोळी नको असायची, भट्टीवरच्या निखाऱ्यात अख्खा गड्डा भाजून खायचे. तो माणूस आला आणि उंबऱ्यातूनच म्हणाला, "आजपासून लसूण बंद. मरेपर्यंत." त्या दिवसापासून आईच्या स्वयंपाकघरात लसणाची पाकळीही आली नाही.

माझा असल्या नेमांवर विश्वास नाही. आई बरी झाली ती औषधांनी, असं मी पन्नासदा सांगितलंय. आई ऐकून घेते आणि म्हणते, "औषधांनी झाले गं. पण टिकलेय कशाने?" दरवर्षी एकदा तपासणी असते. ती मशीनमध्ये जाते, बाहेर येते, निर्मळ रिपोर्ट पर्समध्ये ठेवते आणि त्या दिवशी दादांना गोड करून घालते.

आणि गेल्या वर्षी, गणपती होऊन गेल्यावर, दादांच्या तोंडाला लसणाचा वास यायला लागला.

साधासुधा नाही. कच्चा लसूण ठेचून तो तासभर दारं लावून ठेवावा तसा. ते बोलले की यायचा, नुसते जवळून गेले तरी यायचा, त्यांच्या शर्टाला, उशीच्या अभ्र्याला यायचा. आई पहिले तीन दिवस काही बोलली नाही. चौथ्या दिवशी तिने मला फोन केला आणि नुसतं म्हणाली, "तू ये."

मी गेले. दादा जेवत होते. जिना चढतानाच मला वास आला.

"अहो, एकदाच विचारते," आई म्हणाली. "कुठे खाल्लात?"

"मी लसूण खाल्ला नाही."

"मग हा वास?"

"मला नाय येत वास."

हे ऐकून मला हसूही आलं आणि रागही. मी म्हटलं, "दादा, चोरी करायची तर निदान बडीशेप तरी खायची." आईच्या चेहऱ्यावर मात्र हसू नव्हतं. ती ताटासमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "माझी शपथ घ्या. माझ्या डोक्यावर हात ठेवा आणि सांगा, नाही खाल्ला म्हणून."

दादांनी हातातला घास ताटात ठेवला. मग उठले, हात धुतले आणि खाली भट्टीवर निघून गेले.

झालं. आणखी कसला पुरावा हवा होता? ज्याचं मन साफ त्याला शपथ घ्यायला काय जातं, असं मीच आईला म्हणाले. अजून ते वाक्य आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

त्यानंतर आईने त्यांच्याशी भांडण केलं नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. ती त्यांना वेळेवर वाढायची, आणि वाढताना पदर नाकाला लावायची. तिचं अंथरूण दुसऱ्या खोलीत गेलं. तपासणीची तारीख आली तेव्हा मी रजा काढून गेले, तर ती पोळ्या लाटत बसली होती. "कशाला जायचं?" म्हणाली. "ज्याच्यावर टिकले होते तेच मोडलं. आता मशीन काय वेगळं सांगणार आहे?" मी समजावलं, ओरडले, रडले. डॉक्टरांनी दुसरी तारीख दिली. तीही गेली. मला त्या दिवसांत दादांचं तोंड बघावंसं वाटत नव्हतं. एका पाकळीसाठी या माणसाने आईला मरणाच्या दारात नेऊन बसवलं, असंच माझ्या डोक्यात होतं.

दादांनी माझ्याशी बोलायचा प्रयत्न केला. एकदा मी भट्टीवर डबा द्यायला गेले तेव्हा ते म्हणाले, "बाळ, एक गंमत सांगू? मध्यंतरी एक दगड आला होता. दगड, पण चाकूने कापला जातो. ताज्या साबणासारखा. आणि कोळशावर फुंकणीने तापवला तर ज्योत हिरवी-निळी होते. इतक्या वर्षांत अशी ज्योत—"

"दादा, विषय बदलू नका," मी म्हटलं आणि डबा ठेवून निघून आले.

मी केमिस्ट्री शिकवते. ज्योत हिरवी-निळी झाली हे एका माणसाने मला स्वतःहून सांगितलं, आणि मी ऐकलं नाही.

आता तो दगड कुठून आला ते सांगायला हवं. आमच्या नाशिकच्या काळ्या दगडात पोकळ्या असतात आणि त्या पोकळ्यांत स्फटिक. पांढरे, हिरवे, पिसासारखे, बर्फासारखे. खाणीत सुरुंग लागला की पेठ-सुरगाण्याकडचे मजूर ते फडक्यात गुंडाळून अलगद बाहेर काढतात, आणि आपल्याकडचे व्यापारी ते जगभर पाठवतात. असा एक व्यापारी दादांच्या ओळखीचा. देवळ्याकडचा, सिन्नर फाट्याला त्याचं गोदाम. परदेशातल्या हौशी लोकांशी तो कधीकधी पैशांऐवजी दगडाला दगड अशी अदलाबदल करतो. अशाच एका खोक्याच्या तळाशी त्याला राखाडी रंगाचा चुरा मिळाला. मोठ्या दगडाचे प्रवासात निघालेले तुकडे. कोणीतरी त्याला सांगितलं की यात चांदी आहे. त्याने तो चुरा दादांकडे आणला, टंच काढायला. म्हणजे किती चांदी आहे ते बघायला.

दादांनी टंच काढला, आणि एकदा काढून थांबले नाहीत. तो चुरा त्यांना वेड लावून गेला. टाकणखार घालून, न घालता, कोळशावर, मुशीत, चार-पाच दिवस ते त्याच्यावर वाकून बसले होते. शेवटी निघालेला चांदीचा मणी त्यांनी कागदात बांधून ठेवला. तो पोचवायला त्यांनी मला सांगितलं, कारण त्या भागात माझी पेपर तपासणी होती. मी मुकाट्याने पुडी घेतली.

व्यापाऱ्याने मणी तळहातावर घेतला आणि खूश झाला. "काका म्हंजे काका! ताई, मूळ दगड बघायचा का? लय लांबून आलाय."

मला घाई होती, पण मी हो म्हटलं. त्याने कापसाच्या पेटीतून तो काढला आणि माझ्या हातावर ठेवला.

पहिल्यांदा जाणवलं ते वजन. जांभळाएवढा दगड, पण हात खाली गेला. रंग शिशासारखा, थोडा काळवंडलेला. एका कडेला पांढऱ्या गारेचा तुकडा आणि त्यावर हा चौकोनी बांध्याचा स्फटिक, कडा किंचित गोलावलेल्या, जणू कोणी घडवून नंतर अंगठ्याने मऊ केलेल्या. एका कोपऱ्यावर कोणीतरी चाकू लावून पाहिल्याची खूण होती. तिथे आतली चंदेरी चमक दिसत होती. सोबत पिवळी पडलेली चिठ्ठी, कुठल्याशा परक्या भाषेत. तिच्यातला एकही शब्द मला वाचता आला नाही. पण खाली सूत्र होतं, आणि सूत्रं सगळीकडे सारखीच असतात. चांदीचे दोन अणू, टेल्युरियमचा एक.

टेल्युरियम.

सोळावा गण. ऑक्सिजन, गंधक, सेलेनियम, टेल्युरियम, पोलोनियम. पंचवीस वर्षं दर वर्षी मी ही पाच नावं फळ्यावर एकाखाली एक लिहिते. ऑक्सिजनला दोन तास, गंधकाला दोन तास, टेल्युरियमला अर्धं मिनिट. "परीक्षेला येत नाही," म्हणून पुढे. आणि माझे एमएस्सीचे सर एकदा हसत हसत म्हणाले होते ते मला त्या गोदामात, तो दगड हातात असताना आठवलं: टेल्युरियमवर काम करणाऱ्या माणसाला कोणी लग्नाला बोलवत नाही. कणभर जरी पोटात किंवा श्वासात गेलं तरी शरीर त्याचा वायू करून श्वासातून, घामातून बाहेर टाकत राहतं, आठवडेच्या आठवडे. आणि त्या वायूचा वास लसणाचा असतो.

मी तिथल्या लाकडी खोक्यावर बसले. व्यापारी घाबरला. "ताई, पाणी आणू का? ऊन लय हाय." मी त्याला म्हटलं, या दगडाबद्दल माहीत आहे ते सगळं सांग. त्याला फारसं माहीत नव्हतं. मग चुऱ्यातले उरलेले चार कण मागून घेतले आणि घरी येऊन पुस्तकं काढली. दोन दिवस मी दुसरं काही केलं नाही.

असा दगड आपल्या काळ्या पाषाणात सापडत नाही. आपला दगड लाव्हाचा. हा होतो जमिनीत खोल, जिथे खडकांच्या भेगांतून उकळतं पाणी वर चढतं आणि सोबत सोनं, चांदी, शिसं विरघळवून आणतं. पाणी निवत जातं तसं एकेक खाली बसत जातं. चांदीला बहुतेक वेळा गंधक भेटतं. टेल्युरियम भेटायला नशीब लागतं, कारण पृथ्वीच्या कवचात ते सोन्याहूनही विरळ आहे. अल्ताईच्या डोंगरात, रोमानियातल्या जुन्या सोन्याच्या खाणीत, अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात, अशा मोजक्या ठिकाणी ही भेट झालेली आहे. इतक्या दूरचा, इतका दुर्मीळ पदार्थ फिरत फिरत सराफ बाजाराच्या मागच्या गल्लीत येतो आणि माझ्या बापाच्या फुंकणीखाली पडतो, या गोष्टीचं मला अजून नवल वाटतं.

पण मला खरं थक्क केलं ते वेगळ्याच गोष्टीने. हा स्फटिक जन्मतो तेव्हा उकळत्या पाण्याहून कितीतरी जास्त तापलेला असतो, आणि त्या उष्णतेत त्याची आतली रचना घनाची असते, चारी बाजूंनी सारखी. म्हणून बाहेरचा आकारही चौकोनी. मग तो निवतो. निवताना एका ठरावीक तापमानाला आतले सगळे अणू आपापली जागा बदलतात आणि तिरकी, वेगळीच मांडणी करून बसतात. बाहेरचा आकार मात्र हलत नाही. मी हातात धरला होता तो चौकोन म्हणजे लाखो वर्षांपूर्वीच्या उष्णतेचा उरलेला आकार होता, आत आता तसं काहीच नव्हतं. मी हे वाचलं आणि पुस्तक मिटून गॅलरीत जाऊन उभी राहिले. नवरा म्हणाला, काय झालं? मला रडू येत होतं आणि ते दगडासाठी की दादांसाठी हे कळत नव्हतं.

सोमवारी कॉलेजच्या लॅबमध्ये एक कण तीव्र सल्फ्युरिक आम्लात टाकून हळूच तापवला. आम्ल आमसुलाच्या सारासारखं जांभळट लाल झालं. टेल्युरियमची ही जुनी खूण. लॅब असिस्टंटला मी तीनदा बोलावून तो रंग दाखवला. तो म्हणाला, "मॅडम, छान आहे," आणि ब्यूरेट धुवायला निघून गेला.

संध्याकाळी मी आईकडे गेले आणि सगळं समजावून सांगितलं. दगड, धूर, वायू, वास. तिने शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "बापासाठी बरंच शोधून काढलंस."

"आई, हे विज्ञान आहे."

"असेल. लेकीचं मन असं काहीबाही शोधतंच. मी नाही तुला दोष देत."

दादा दारात उभे होते.

मग मी जे केलं ते कोणीही करू नये, आणि माझ्या विद्यार्थ्यांनी तर मुळीच करू नये. टेल्युरियम विषारी आहे. मी आधी आमच्या डॉक्टरांना दादांबद्दल विचारलं होतं. ते म्हणाले, धूर बंद करा, वास हळूहळू आपोआप जाईल. दादांना मी भट्टीवर तसलं काही पुन्हा न करण्याचं वचन द्यायला लावलं होतं. आणि तीच मी, शनिवारी दुपारी, दादा बाजारात गेलेले असताना, त्यांच्या भट्टीवर बसले. उरलेल्यांपैकी मोहरीएवढा एक कण कोळशाच्या खाचेत ठेवला आणि फुंकणीने ज्योत त्याच्यावर वळवली.

कण आधी काळा झाला, मग गोळा होऊन लकाकला. आणि ज्योतीच्या कडेला तो रंग उमटला. हिरवा म्हणावा तर निळा, निळा म्हणावा तर हिरवा. कोळशावर पांढरा थर पसरत गेला आणि मधोमध चांदीचा टिपका जिवंत असल्यासारखा थरथरत राहिला. मी वाकले. मला मुद्दाम वाकायची गरजच पडली नाही, आपोआप वाकले गेले. दादा पाच दिवस इथे का बसले होते ते मला तेव्हा कळलं. त्यांना हेच सांगायचं होतं, आणि सांगायला त्यांच्याकडे माझ्याशिवाय कोणी नव्हतं.

त्या रात्री मी आईकडेच राहिले. तिनेच केलेली मुगाची आमटी, भात, लोणचं खाल्लं. रविवारी सकाळी तिच्याच हातचा चहा आणि पोहे. बाहेर पाऊल टाकलं नाही. दुपारी आई सुईत दोरा ओवून मागायला माझ्याजवळ आली. मी म्हटलं, "आण इकडे." आणि ती जागीच थांबली.

"तू काय खाल्लंस?"

"तू वाढलंस तेच."

तिने माझं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि वास घेतला. माझी पर्स उघडून पाहिली. स्वयंपाकघरात जाऊन डबे उघडल्याचे आवाज आले, एकेक करून सगळे. लसूण कुठून असणार? सहा वर्षांत त्या घरात आला नव्हता. ती परत आली तेव्हा तिचा चेहरा मला बघवेना. ती माझ्याजवळ थांबली नाही. खिडकीशी दादा पेपर धरून बसले होते, ती थेट त्यांच्यासमोर जाऊन जमिनीवर बसली. दोन महिन्यांत पहिल्यांदा पदर नाकाला न लावता.

"अहो," ती म्हणाली, "मग त्या दिवशी शपथ का नाही घेतलीत? एवढं एकदा म्हणाला असतात तर मी विश्वास ठेवला असता."

दादांनी पेपरची घडी घातली, पुन्हा उलगडली.

"तुझी शपथ घ्यायची होती," ते म्हणाले. "वास तर तुम्ही दोघी म्हणत होतात. मला वाटलं, झोपेत, चुकून, कुणाच्या डब्यातून खाल्ला गेला असला तर? मला नाय आठवत. पण माझी आठवण चुकली असती, तर शपथ तुला बाधली असती."

आईने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. मग माझ्याकडे न बघताच म्हणाली, "कपाटात वरच्या खणात माझी फाइल आहे, ती काढ. आणि उद्याचा नंबर मिळतो का, दवाखान्यात फोन करून विचार." मी फाइल काढली. फोन लावला, आणि पलीकडच्या मुलीला आईचं नाव मला दोनदा सांगावं लागलं.